पंधरा पिवळ्या गोळ्या

“बिराजदार मॅडम, ते इंजेक्शन खरं होतं ना?”

सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला कोठारी सरांनी इंटरकॉमवर हे विचारलं, तेव्हा मी काउंटरवर एका आजोबांना बीपीची गोळी समजावून सांगत होते. कोठारी सर म्हणजे आमच्या हॉस्पिटलचे मालक आणि स्त्रीरोगतज्ज्ञ. मी तळमजल्यावरच्या मेडिकलची फार्मासिस्ट. सोलापुरातल्या या एकाच काउंटरमागे माझी एकवीस वर्षं गेली. एवढ्या वर्षांत सरांनी मला असं कधी विचारलं नव्हतं.

“कोणतं इंजेक्शन, सर?”

“मेथोट्रेक्सेट. मागच्या मंगळवारी मनीषाला दिलं ते. आजचा रिपोर्ट आलाय. आकडा हललाच नाही. वर या जरा.”

फार्मासिस्टला असा प्रश्न विचारणं म्हणजे शिवीच. पण राग यायच्या आधी मला भीती वाटली. त्या मुलीचं काय पणाला लागलंय हे मला पक्कं माहीत होतं.

मनीषा सत्तावीस वर्षांची. नवरा गणेश, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या पॉवरलूमवर कामाला. तिला एक्टोपिक होतं. म्हणजे गर्भ राहिला, पण तो गर्भपिशवीपर्यंत पोचलाच नाही, वाटेत नळीतच रुजला. नळी ही बारीक गोष्ट. तिथं बाळ वाढू शकत नाही. वाढत गेलं तर नळी फुटते, पोटात रक्त साचतं आणि बाई बघता बघता हातची जाते. असा गर्भ वाचवायचा उपाय आज तरी कोणाकडे नाही. वाचवायची असते बाई, आणि जमलं तर नळी.

बाईला अशा नळ्या दोन असतात. मनीषाला एकच उरली होती. डावी तीन वर्षांपूर्वी अशीच फुटली होती आणि तेव्हा दुसऱ्या गावच्या दवाखान्यात ती काढून टाकावी लागली. आता गर्भ राहिला तो उजवीत. ऑपरेशनला घेतलं तर नळी चिरून गर्भ काढता येतो, पण रक्त थांबलं नाही तर नळीच काढावी लागते. मग आपोआप दिवस राहायचा रस्ता कायमचा बंद. टेस्ट ट्यूब बेबीचा मार्ग असतो, पण तो सगळ्यांना परवडेल असा नाही.

म्हणून सरांनी औषधाचा मार्ग धरला होता. मेथोट्रेक्सेट हे औषध भराभर वाढणाऱ्या पेशींची वाढ थांबवतं. गर्भाच्या पेशी वाढायच्या थांबल्या की शरीर त्या हळूहळू जिरवून टाकतं आणि नळी जागच्या जागी राहते. ते सगळ्यांना देता येत नाही. नळी फुटलेली नसावी, गर्भाचे ठोके सुरू झालेले नसावेत, नळीतली गाठ लहान असावी, लिव्हर आणि किडनी धडधाकट असाव्यात, आणि पेशंट पुन्हा पुन्हा तपासणीला येणारा असावा. मनीषा या सगळ्यात बसत होती.

मी वर गेले. सरांनी रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. तो होता बीटा एचसीजीचा. गर्भ असला की रक्तात एक हार्मोन वाढतं, त्याचं हे माप. इंजेक्शनचा दिवस पहिला धरायचा आणि चौथ्या आणि सातव्या दिवशी रक्त तपासायचं. चौथ्या दिवशी आकडा थोडा वाढला तरी घाबरायचं नसतं. चौथ्यापासून सातव्यापर्यंत मात्र तो निदान पंधरा टक्के उतरायला हवा. मनीषाचा मंगळवारी होता एकवीसशे चाळीस, शुक्रवारी सव्वीसशे दहा. आज सोमवारी बावीसशेच्या आसपास यायला हवा होता. आला होता पंचवीसशे चाळीस.

“सकाळपासून उजवीकडे थोडं दुखतंय म्हणते,” सर म्हणाले. “सोनोग्राफी केली. फुटलेली नाही. ॲडमिट करून घेतलंय.”

“मग दुसरा डोस?”

“तो देता येतो. नियमात बसतं. पण मला सांगा, पहिला डोस म्हणून पाणीच गेलं असेल, तर हा दुसरा नाही, हाच पहिला. आणि पहिला खरा असूनही चालला नसेल, तर दुसऱ्यावर मी किती भरवसा ठेवू? उद्या नळी फुटली तर वाट बघणारा मीच ठरेन. त्यापेक्षा आज शांतपणे दुर्बिणीचं ऑपरेशन करून मोकळा होईन. संध्याकाळी सहाला ठरवतो. तोपर्यंत तुमचं औषध कसं होतं ते मला सांगा.”

तुमचं औषध. हे शब्द मला लागले.

माझा स्वभाव मुळात संशयी आहे. आमच्या घरी दुधाची पिशवी आली की मी आधी तारीख बघते, नंतर सील. यजमान म्हणतात, लग्नाच्या आधी माझी पत्रिकाही हिने उलटसुलट तपासली असणार. पण या धंद्यात तो गुणच आहे. चिठ्ठी बघायची, तारीख बघायची, वय बघायचं, डोस बघायचा आणि मगच कपाटाला हात लावायचा. त्या दिवशी मी संशयाला सुरुवात केली ती स्टॉकिस्टपासून. स्टॉकिस्ट म्हणजे आम्हाला माल पुरवणारा ठोक व्यापारी.

मेथोट्रेक्सेटच्या बाटलीला, म्हणजे व्हायलला, फ्रीज लागत नाही, पण ऊन आणि उजेड चालत नाही. आणि आमचा एप्रिल कसा असतो ते सोलापूरकरांना सांगायला नको. टेम्पोत दुपारभर खोकं पडून राहिलं असेल तर? मी बिल काढलं, बॅच नंबर काढला. बॅच म्हणजे एकाच वेळी बनलेला माल, आणि त्याचा नंबर प्रत्येक बाटलीवर असतो. फोन लावला.

“मॅडम, माल ओरिजिनल हाय की. कंपनीकडनंच आलाय.”

“तो टेम्पो आमच्याकडे किती वाजता आला होता?”

“सकाळी साडेनवाला. तुमचीच सही हाय चलानावर.”

बघितलं, सही माझीच होती, वेळही माझ्याच अक्षरात. तरी मी कंपनीच्या नंबरवर फोन करून बॅच पडताळून घेतली. बॅच खरी निघाली. त्याच खोक्यातल्या दोन व्हायल आम्ही पंधरा दिवसांपूर्वी दुसऱ्या एका बाईला दिल्या होत्या आणि तिचा आकडा व्यवस्थित उतरला होता. म्हणजे औषध पाणी नव्हतं. स्टॉकिस्ट सुटला. मला जरा वाईटच वाटलं, कारण तो मला मनापासून आवडत नाही.

मग वॉर्ड. डोस पेशंटची उंची आणि वजन बघून काढतात. मनीषा लहानखुरी, तिचा डोस बसत होता एकाहत्तर मिलिग्रॅम. एका व्हायलमध्ये पन्नास. म्हणजे दोन व्हायल फोडायच्या आणि दुसरीतलं थोडं टाकून द्यायचं. कोणी घाईत एकच दिली असेल तर? मी शेख सिस्टरना गाठलं. त्या माझ्याहून दोन वर्षं जुन्या.

“सिस्टर, मंगळवारी दोन्ही व्हायल गेल्या होत्या ना?”

त्यांनी हातातला ट्रे खाली ठेवला. “म्हणजे काय, मॅडम? एक मी घरी नेली असं वाटतंय का तुम्हाला?”

“तसं नाही हो.”

“तसंच आहे. या हितं.” त्यांनी रजिस्टर उघडून माझ्यासमोर धरलं. दोन व्हायल, बॅच नंबर, टाकून दिलेलं औषध किती, देणारीची सही, बघणारीची सही. “माझी सही आहे आणि दुसऱ्या सिस्टरची पण. अजून कोणाची पाहिजे?”

सिस्टर त्या दिवशी माझ्याशी पुन्हा बोलल्या नाहीत. लॅबवाल्याचाही तोच अनुभव. मशीन बदललं की आकड्यात फरक पडू शकतो, पण तिन्ही वेळा रक्त एकाच मशिनवर लावलं होतं. त्याने ते मला दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा जरा मोठ्याने.

आता उरली घरची माणसं. आणि खरं सांगायचं तर पहिल्या दिवसापासून माझं मन तिथंच अडकलं होतं. मला संशय होता सासूवर.

मनीषाची सासू, कौसाबाई, वैरागची. घरची थोडी शेती, वय साठीच्या आत, हाताची बोटं सांधेवाताने वाकडी झालेली. सुनेचं कळल्यावर इंजेक्शनच्या आदल्या दिवशी कापडी पिशवी घेऊन सोलापूरला पोराच्या खोलीवर आल्या होत्या. सुनेला काही विचारलं की उत्तर त्याच द्यायच्या. मंगळवारी वॉर्डात त्यांनी सुनेला ओव्याची चिमूट द्यायला काढली, तेव्हा शेख सिस्टरनी दटावलं होतं की बाहेरचं काही द्यायचं नाही. त्या वेळी कौसाबाईंनी पुडी पटकन कमरेला खोचली. मला ते पटकन खोचणं आवडलं नव्हतं.

त्याच दिवशी इंजेक्शनच्या आधी ही मंडळी माझ्या काउंटरवर आली होती. गणेशने मोबाईल पुढे धरला.

“मॅडम, हे कॅन्सरचं औषध दाखवालंय की यात. हिला कॅन्सर हाय का? सर कायतरी लपवालेत का आमच्यापासून?”

मनीषाचा चेहरा पांढराफटक पडला होता. कौसाबाई माझ्याकडे अशा बघत होत्या जणू मीच त्यांच्या सुनेला काहीतरी करणार आहे. असे प्रसंग नेहमी येतात. माझ्याकडे ठरलेलं उत्तर आहे, तेच मी दिलं.

“घाबरू नका. कॅन्सरला याचा मोठा डोस असतो. हेच औषध सांधेवाताच्या कितीतरी लोकांना देतात, आठवड्यातून एकदा, गोळीतून. वर्षानुवर्षं घेतात लोक. हा एक डोस आहे, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.”

गणेशच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं दिसलं. मग मी मनीषाला सूचना सांगितल्या. पोटात दुखलं तरी मनाने दुखायची गोळी घ्यायची नाही. उन्हात फिरायचं नाही. नवऱ्याशी शरीरसंबंध ठेवायचा नाही. चक्कर आली, खांदा दुखला, पोटात कळ आली तर लगेच यायचं. आणि गर्भाच्या म्हणून ज्या गोळ्या चालू केल्या होत्या, त्या बंद. तिने मान हलवली. पर्समधून ते पाकीट काढून माझ्या हातात दिलं. म्हणाली, “तुमीच ठेवा, मॅडम. मला बघवंना.”

मी ते खणात टाकलं. सूचना दिल्याचं माझं काम झालं होतं.

जाता जाता कौसाबाई वळल्या आणि हळू आवाजात मला विचारलं, “ही बी नळी गेली, तर मंग पुडं काय करायचं, ओ मॅडम?”

या प्रश्नाचा मी वाईट अर्थ काढला. सून गेली तर दुसरी आणायची, असा. अशा सासवा मी काउंटरवरून पुष्कळ पाहिल्यात. मी म्हटलं, “पुढचं पुढं बघू,” आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

मग शुक्रवारी, चौथ्या दिवशी, मनीषा रक्त द्यायला आली तेव्हा मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. दोघी बाकावर बसल्या होत्या. कौसाबाईंनी इकडंतिकडं बघितलं, पदर पुढं ओढला, पिशवीत हात घातला आणि सुनेच्या तळहातावर काहीतरी ठेवलं. मनीषाने ते तोंडात टाकलं, बाटलीतलं पाणी प्यायली. सिस्टर कॉरिडॉरमधून येताना दिसल्या तशी पिशवी बंद झाली. मला तेव्हा वाटलं होतं, वैरागहून कसली तरी पूड आणली असणार. मूल टिकावं म्हणून, किंवा त्याहून वाईट कशासाठी. मी तेव्हाच उठून विचारायला हवं होतं. काउंटरला गर्दी होती, आणि शिवाय मला वाटलं, वॉर्डातलं वॉर्डवाले बघतील.

आता सोमवारी दुपारी मी सगळं जुळवलं. औषध खरं, डोस पूर्ण, मशीन एकच, तरी आकडा हलत नाही. म्हणजे सासूने काहीतरी चारलंय. मी सरांना फोन करून तसं सांगायच्या बेतात होते. वाक्यसुद्धा तयार होतं. “सर, औषधात खोट नाही, घरात आहे.” मला ते वाक्य फार आवडलं होतं.

साडेतीन वाजता काउंटरवर कौसाबाईच आल्या. डोळे सुजलेले. पिशवीतून त्यांनी गोळ्यांची रिकामी स्ट्रिप काढून काचेवर ठेवली.

“ही पिवळी गोळी द्या एक पाकीट. लवकर संपली ह्या बारीला.”

मी स्ट्रिप उलटी करून बघितली. फॉलिक ॲसिड, पाच मिलिग्रॅम. पंधराची स्ट्रिप. पंधराही कप्पे फोडलेले.

फॉलिक ॲसिड हे एक व्हिटॅमिन. नव्या पेशी तयार व्हायला ते लागतं, म्हणून गरोदर बाईला देतात. मेथोट्रेक्सेट नेमका त्याच्यावरच घाव घालतं, शरीराला ते वापरू देत नाही. एक औषध दार लावतं आणि हे व्हिटॅमिन बाहेरून ढकलत राहतं. म्हणूनच मनीषाच्या गोळ्या बंद केल्या होत्या.

“ही कोणाची, कौसाबाई?”

“माजी. मला संधिवाताची गोळी हाय ना, बार्शीच्या डॉक्टरची. रविवारी ती घ्यायची, आन बाकीच्या सा दिवस ही पिवळी.”

“हे पाकीट कधी फोडलं?”

“मंगळवारी.”

मी बोटं मोजली. मंगळवार ते शनिवार, पाच दिवस, पाच गोळ्या. रविवारी पिवळी नाही. म्हणजे कप्पे दहा उरायला हवे होते.

“बाकीच्या दहा कोणी खाल्ल्या?”

यात विचारण्यासारखं काय आहे हे त्यांना कळत नव्हतं. “मनीषानं. बुदवारपस्नं रोज दोन देतीया. तिचं औषद सुईतनं दिलंय ना, म्हंजे जोराचं. म्हनून दोन.”

“का दिल्या पण? मी गोळ्या बंद सांगितल्या होत्या.”

“त्या गर्भाच्या बंद केल्या की. तुमच्याच हातात दिलं पाकीट तिनं.” आता त्यांचा आवाज खाली आला. “तुमीच म्हनला न्हवं मॅडम, तिचं आन संधिवाताचं औषद एकच हाय म्हनून. घरी जाऊन गणेशला माज्या गोळीवरचं नाव वाचाय लावलं. तेच निगालं. माज्या डॉक्टरनं मला बजावून सांगिटलंय, ही गोळी घेतली का पिवळी चुकवायची न्हाय. चुकवली की तोंड येतं, केस जात्यात. मागच्या साली मी चुकवली, तर पंदरा दिवस पान्याचा घोट गिळवंना मला. म्हनलं पोरीला तसं नगं व्हायला. आदीच दुकालंय तिला.”

मी खुर्चीवर बसले.

सांधेवातात आठवड्याला एकदा मेथोट्रेक्सेट दिलं की त्याचा त्रास कमी व्हावा म्हणून सोबत फॉलिक देतातच. बार्शीच्या डॉक्टरांचं बरोबर होतं. कौसाबाईंनी ते तंतोतंत पाळलं, हेही बरोबर. आणि त्यांना हे औषध तेच आहे हे सांगितलं होतं मी. दोन्ही औषधं एकच, पण काम वेगळं, एकात पिवळी गोळी लागते आणि दुसऱ्यात चालत नाही, हे पुढचं अर्धं वाक्य मी बोललेच नव्हते. गणेशची भीती गेली तिथं माझं बोलणं संपलं.

“मग पदराआड लपवून का देत होता?”

“सिस्टर वराडती म्हनून. वव्याला वराडली व्हती.”

“आणि दुखायची गोळी? ती पण आहे का तुमच्या पिशवीत?”

“हाय की. पर ती न्हाय दिली. रात्री लई कळवळत व्हती, तरी न्हाय दिली. तुमी सांगिटलं व्हतं न्हवं, दुखायची गोळी न्हाय द्यायची.”

हे ऐकून मला जास्त लाज वाटली. जे मी सांगितलं ते या बाईने पाळलं होतं. जे सांगितलं नाही, ते त्यांनी जवळच्या माहितीवर भरून काढलं. मी त्यांना विष चारणारी ठरवून बसले होते.

त्यांना आता माझ्या चेहऱ्यावरून कळलं. त्या काउंटरशेजारच्या पायरीवर खाली बसल्या.

“मॅडम, माज्या हातनं तिची नळी जाईल काय?”

“तुमच्या हातनं नाही,” मी म्हटलं. “वर चला.”

सरांच्या केबिनमध्ये मी सगळं सांगितलं, उभ्यानेच. तयार करून ठेवलेलं वाक्य अर्थातच वापरता आलं नाही. सरांनी फाइल उघडली. डिस्चार्जच्या कागदावर त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं, फॉलिक ॲसिड आणि सगळी व्हिटॅमिन बंद. इंग्रजीत. तो कागद गणेशच्या पाकिटात घडी घालून होता आणि त्याची घडी कोणी मोडली नव्हती.

“सासूला कोणी सांगितलं एकच औषध आहे म्हणून?” सरांनी विचारलं.

“मी, सर.”

सरांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं आता ऐकावं लागणार. पण ते म्हणाले, “मॅडम, गोळ्यांमुळेच आकडा उतरला नाही असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. काही जणींना नुसता पहिला डोस पुरतही नाही. पण निदान एक गोष्ट कळली. आता दुर्बीण नको. सहा वाजता दुसरा डोस देऊ आणि वॉर्डात नजरेखाली ठेवू. पिवळी बंद. सासूबाईंची नाही, सुनेची.”

“हो, सर.”

“आणि व्हायल तुम्ही स्वतः घेऊन या.”

हे भरवशाने म्हटलं की संशयाने, ते मला आजवर कळलेलं नाही.

सहाला दुसरा डोस गेला. या वेळी शेख सिस्टरनी दोन्ही व्हायल माझ्या नाकासमोर धरून फोडल्या आणि रजिस्टरमध्ये बघणारी म्हणून माझीच सही घेतली. कौसाबाई मनीषाच्या उशाशी बसल्या होत्या. मी त्यांची कापडी पिशवी मागून घेतली आणि पलंगावर उलटी केली. संधिवाताची गोळी, दुखायची गोळी, ॲसिडिटीची गोळी, ओव्याची पुडी, आणि खाली सुतळीने बांधलेला कागदांचा गठ्ठा. त्यात मनीषाच्या पहिल्या ऑपरेशनचे सगळे रिपोर्ट होते, तारखेप्रमाणे लावलेले. वाचता येत नसताना ही बाई ते तीन वर्षं जपून होती. वैरागहून येताना आठवणीने घेऊन आली होती. पुढं काय करायचं, हे त्यांनी मला याच सुनेच्या काळजीने विचारलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

पुढचा आठवडाभर माझं काउंटरवर लक्ष नव्हतं. बुधवारी मनीषाला जोरात कळ आली. पुन्हा सोनोग्राफी झाली. फुटलेली नव्हती. औषध काम करायला लागलं की अशी कळ येते, असं सर म्हणाले, पण त्यांनी ऑपरेशन थिएटर तयार ठेवलं होतं. गुरुवारचा आकडा फारसा खुश करणारा नव्हता. त्यानंतरच्या सोमवारी आला सोळाशे सत्तर. सरांनी इंटरकॉमवर फक्त आकडा सांगितला आणि फोन ठेवला. मी काउंटरवर रडले. समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं त्याच्या चिठ्ठीतच काही वाईट आहे, त्याला समजावता समजावता पुरेवाट झाली.

आकडा शून्यावर यायला सहा आठवडे लागले. दर आठवड्याला मनीषा रक्त द्यायला यायची आणि कौसाबाई तिच्याबरोबर. आता त्या आल्या की आधी पिशवी काउंटरवर उलटी करायच्या. मी सांगायच्या आत. सहाव्या आठवड्यात सरांनी सोनोग्राफी करून सांगितलं, गाठ जिरली, नळी जागेवर आहे. मग कौसाबाई वैरागला गेल्या.

माझ्या काउंटरवर तेव्हापासून एक बदल झाला. मी कोणाला ‘कोणत्या गोळ्या बंद, कोणत्या चालू’ असं तोंडी सांगून सोडत नाही. घरात जेवढ्या माणसांच्या जेवढ्या गोळ्या असतील तेवढ्या पिशवीत घालून आणायला लावते आणि एकेक हातात घेऊन बोलते. लोक कंटाळतात. काही जण दुसऱ्या मेडिकलला जातात. जाऊ देत.

दिवाळीच्या आधी एका दुपारी कौसाबाई पुन्हा आल्या. एकट्याच. म्हणाल्या, “पिवळ्या गोळीची दोन पाकिटं द्या.”

माझ्या हातातलं पेन थांबलं. “दोन? तुम्हाला एक पुरतं.”

“एक माजं. एक मनीषाचं.”

“मनीषाला कशाला?”

त्यांनी पिशवीतून चिठ्ठी काढली. कोठारी सरांचं अक्षर, कालची तारीख. इंजेक्शननंतर तीन महिने दिवस जाऊ द्यायचे नसतात. ते होऊन गेले होते. आता पुन्हा प्रयत्न करायला हरकत नाही, आणि त्याच्या आधीपासून फॉलिक ॲसिड सुरू करायचं. मी चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. तारीख बघितली, नाव बघितलं, वय बघितलं. तरीही माझा हात इंटरकॉमकडे गेला. मग वाटलं, या बाईसमोर आता हे बरं दिसत नाही. मी हात मागे घेतला.

कौसाबाईंनी ते पाहिलं. त्यांनी वाकड्या बोटांनी इंटरकॉमचा रिसीव्हर उचलला आणि माझ्या हातात दिला.

“इचारा की मॅडम,” त्या म्हणाल्या. “मी थांबती हितं.”